आण्णांना पबमध्ये न्यायचं का?

पत्र (संक्षिप्त केलं आहे, ओळख पटेल असा तपशील वगळला आहे):

"आम्ही लंडनपासून तासाभराच्या अंतरावर एका छोट्या गावात राहतो. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. माझे सासरे, आण्णा, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. आण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यांना अंडंसुद्धा चालत नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीचं मतदान झालं, तेव्हा ते घरोघर फिरले होते.

शेजारी एक इंग्रज बाई एकट्याच राहतात. आमच्या मुलांना त्यांचा लळा आहे. आण्णा त्यांच्या गुलाबांना पाणी घालतात आणि इंग्रजी जेमतेम येत असूनही दोघांचं छान जमतं. पुढच्या महिन्यात त्या बाईंना सत्तर वर्षं पूर्ण होतात. त्यांनी रविवारी दुपारी कोपऱ्यावरच्या पबमध्ये जेवण ठेवलंय आणि आण्णांना आवर्जून बोलावलंय. गॅस्ट्रोपब म्हणतात तसला तो आहे, जेवण चांगलं मिळतं. पण शेवटी पबच.

दोन वर्षं मी त्यांची अशी आमंत्रणं टाळत आले. मी दारू पीत नाही, तिथे काय मागवायचं ते कळत नाही, आणि आपण आत शिरलो की सगळे गोरे वळून बघतील असं वाटतं. मध्यंतरी नवऱ्याच्या आग्रहामुळे एकदा गेलो. आण्णांना सांगितलं, मॉलमध्ये जातोय. मुलीलाही बजावलं, आजोबांना बोलू नकोस. तेव्हापासून मन खातंय.

आता काय करू? काहीतरी कारण काढून आमंत्रण टाळू, आण्णांना घरी ठेवून आम्हीच जाऊ, की 'हॉटेल आहे' एवढंच सांगून त्यांना घेऊन जाऊ?"

उत्तर:

प्रिय ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की यात चार मोठी माणसं आहेत आणि त्यांतलं एकच माणूस बोलतंय. आण्णांना काय वाटेल ते तुम्ही सांगता, शेजारणीला काय वाटेल तेही तुम्हीच सांगता. तुमचे यजमान एका वाक्यात आग्रह करून गेले, ते परत दिसत नाहीत. सगळ्यांच्या मनातलं ओळखून, सगळ्यांना जपून, कुणाला कळू न देता हा रविवार पार पाडायची जबाबदारी तुम्ही एकटीने घेतली आहे. सून म्हणून ती आपसूक तुमच्याकडे आली असेल, पण आण्णा तुमच्या नवऱ्याचे वडील आहेत. वडिलांशी बोलायचं काम त्यांचं आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी पब या शब्दाबद्दल, कारण अर्धी भीती त्या शब्दातच आहे.

आपल्याकडे दारू मिळण्याच्या जागा कशा असतात ते आठवा. 'परमिट रूम व बिअर बार' अशी पाटी, काळ्या काचा, आत अंधार. जेवण तिथेही मिळतं, पण बायकामुलं बरोबर असली की वेटर दारातच सांगतो, फॅमिली रूम वर आहे. म्हणजे जिथे पितात तिथे घरच्यांनी बसायचं नसतं, हे आपल्याला इमारतीनेच शिकवलेलं असतं. त्याखालच्या पायरीवर गावचं देशी दारूचं दुकान. आण्णांनी ते जवळून पाहिलंय. पगाराच्या दिवशी तिथे कोण जातं आणि रात्री कुणाच्या घरातून आवाज येतात, हे त्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकाइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? ज्या वाचकांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: आडव्या बाटलीच्या मतदानात दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. त्यासाठी घरोघर फिरणं सोपं नसतं. दुकानदार त्याच गावचा असतो आणि पिणाऱ्यांतले कितीतरी आपलेच विद्यार्थी असतात.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की आण्णांचा दारूला असलेला विरोध हा जुन्या वळणाचा सोवळेपणा समजू नका. तो त्यांनी आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींतून आला आहे. 'इथे तसं नसतं हो' असं म्हणून तो उडवून लावू नका. कारण इथेही तसं असतं. माझी आई माझ्याकडे आली होती तेव्हा पबच्या बागेत बसलेल्या बायकामुलांकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने विचारलं, "यांचे नवरे घरी जाऊन मारत नाहीत का गं?" मी खरं ते सांगितलं. काही मारतात. या देशातही दारूने घरं बसली आहेत. पण या बागेत आत्ता जे बसलेत त्यांतले बहुतेक जेवायला आलेत, आणि एखादा ग्लास संपवून मुलांना घेऊन घरी जातील. आईने मान हलवली आणि चहा मागितला. तिला माझं सगळं पटलं असं नाही. पण मी तिच्यापासून काही लपवत नाही एवढं तिला कळलं, आणि ती निवांत बसली.

आता तुमच्या कोपऱ्यावरच्या जागेबद्दल. पब म्हणजे पब्लिक हाउस, गावाची बसायची जागा. पूर्वी तिथे बिअर मुख्य असायची आणि खाणं म्हणजे शेंगदाणे, नाहीतर काचेच्या बरणीतलं लोणच्यातलं अंडं. तुमच्या जागेसारख्या जागा आल्या त्याला कारण आहे. इथले बरेचसे पब मोठ्या बिअर कंपन्यांच्या मालकीचे होते. १९८९ साली सरकारने नियम केला की ज्या कंपनीकडे दोन हजारांपेक्षा जास्त पब असतील, तिने वरच्या संख्येतले निम्मे 'आमचीच बिअर विका' या बंधनातून मोकळे करावेत. त्यानंतर खूप पब भाडेपट्ट्यावर मिळू लागले. रेस्टॉरंट काढण्याइतका पैसा नसलेल्या, पण स्वयंपाकाचं वेड असलेल्या लोकांना जागा मिळाली. लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर मायकल बेलबेन आणि डेव्हिड एअर या दोघांनी १९९१ साली 'द ईगल' नावाचा जुना पब घेतला. बारच्या मागेच छोटं उघडं स्वयंपाकघर, साधी लाकडी टेबलं, पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले. गॅस्ट्रोपब हा शब्द तिथून रुजला. पुढे जुलै २००७ मध्ये इंग्लंडमधल्या पबमध्ये आत सिगारेट ओढायला बंदी आली आणि लहान मुलांना घेऊन बसणं खऱ्या अर्थाने शक्य झालं. मी या देशात आले तेव्हा पबमधून परत आल्यावर शालीचा धुराचा वास दोन दिवस जात नसे. आज तुमच्या मुलांना तो वास माहीतही नसेल.

हे एवढं सांगितलं ते इतक्यासाठी, की 'शेवटी पबच' हे तुमचं वाक्य अर्धंच खरं आहे. तिथे दारू मिळते हे खरं. पण ती जागा चालते ती बरीचशी स्वयंपाकघरावर, आणि रविवारची दुपार तर कुटुंबांचीच असते. आजी-आजोबा, बाबागाडीतली बाळं, टेबलाखाली कुणाचा तरी कुत्रा. कायद्यानेही मोठ्यांबरोबर मुलं तिथे जाऊ शकतात. शनिवारी रात्री किंवा फुटबॉलच्या सामन्याच्या वेळी त्याच जागेचं रूप वेगळं असतं. तेव्हा मीसुद्धा आण्णांना घेऊन गेले नसते. (पुण्या-मुंबईत हल्ली याच नावाच्या जागा निघाल्या आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच रात्रीच्या आणि कर्णकर्कश गाण्यांच्या असतात. तिकडच्या बातम्या वाचून आण्णांनी 'पब' शब्दाचं चित्र बनवलं असेल तर तेही समजून घ्या.)

सगळे वळून बघतील, ही तुमची दुसरी भीती. तिला मी वेडेपणा म्हणणार नाही. १९६०च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकमध्ये असे पब होते जिथे आपल्या लोकांना आणि कृष्णवर्णीयांना ग्लास मिळत नसे, किंवा वेगळ्या खोलीत बसवत. फाउंड्रीत दिवसभर राबून आलेली माणसं ती. इंडियन वर्कर्स असोसिएशन या भारतीय कामगारांच्या संघटनेचे लोक मुद्दाम गोऱ्या मित्रांना बरोबर घेऊन त्या पबमध्ये जात आणि कुणाला नकार मिळतो ते नोंदवत. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांच्या बोलावण्यावरून अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तिथे आले आणि तशा एका पबमध्ये गेले. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी वंशभेदविरोधी कायदा आला आणि पब, हॉटेल अशा सार्वजनिक जागी रंगावरून नाकारणं बेकायदा ठरलं. पुढे त्याच भागात पंजाबी माणसांनी स्वतः पब चालवायला घेतले. तिथे आज तंदूरचा वास येतो आणि शेजारपाजारचे गोरेही जेवायला येतात.

मला हा इतिहास फार उशिरा कळला. कळल्यावर मात्र पबच्या दारात माझं बिचकणं कमी झालं. त्या खुर्चीसाठी आधी कुणीतरी अपमान सोसला होता. तुमच्याकडे कुणी वळून बघेलही, छोट्या गावात नवा चेहरा दिसला की बघतातच, आपल्याकडेही बघतात. पण तुम्ही तिथे आगंतुक म्हणून जाणार नाही आहात. गावातल्या एका जुन्या बाईने तुम्हाला नावानिशी बोलावलं आहे.

आणि त्या बाईंचा विचार करा. दोन वर्षं त्या बोलावताहेत, दोन वर्षं तुम्ही टाळताय. तुम्हाला वाटतं की आपण नम्रपणे टाळलं. त्यांच्या बाजूने ते कसं दिसत असेल? बरीच इंग्रज माणसं घरी जेवायला क्वचितच बोलावतात. कधी घर लहान असतं, कधी एकटीला स्वयंपाक झेपत नाही. कोपऱ्यावरचा पब म्हणजे त्यांचा ओटा, त्यांची पडवी. "पबमध्ये या" यात "प्यायला या" क्वचितच असतं, "माझ्याकडे या" हे जास्त असतं. त्यांना तुमच्या हातात वाइनचा ग्लास बघायचा नाही. त्यांना सत्तराव्या वाढदिवसाला ते टेबल भरलेलं बघायचंय, आणि गुलाबांना पाणी घालणारे गृहस्थ त्या टेबलाशी असावेत असं वाटतंय.

आता तुमचे तीन पर्याय.

'हॉटेल आहे' सांगून घेऊन जाणं हा मला सगळ्यांत वाईट पर्याय वाटतो. आण्णा शिक्षक आहेत, त्यांना इंग्रजी पाटी वाचता येते. आत शिरल्यावर बारवर बिअर ओढायच्या पंपांचे दांडे दिसतील, पलीकडच्या टेबलावर ग्लास दिसतील. मग चार परक्या माणसांत, भाषा येत नसताना, त्यांना कळेल की घरच्यांनी आपल्याला फसवून आणलं. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात, परक्या देशात, मुलाच्या घरी राहणाऱ्या माणसाला हे असं कळू नये. उठून जाता येत नाही, बोलता येत नाही, आणि वाढदिवस दुसऱ्याचा आहे.

कारण काढून टाळणं हे दोन वर्षं करून झालंय. त्याने तुम्हाला काय मिळालं ते तुम्हीच लिहिलंय.

आण्णांना घरी ठेवून जाणं यात मुळात चूक काही नाही, पण तो निर्णय त्यांचा हवा. 'मला नाही यायचं, तुम्ही जा' असं ते म्हणाले तर ती त्यांची इच्छा. त्यांना न विचारता तुम्ही ठरवलंत, तर ते त्यांना वगळणं झालं, मग भले ते त्यांच्या माळेचा मान राखण्यासाठी का असेना.

तेव्हा चौथा पर्याय, जो पत्रात नाही: त्यांना विचारा. म्हणजे तुमच्या नवऱ्याने विचारावं, तुम्ही शेजारी बसा. आडूनआडून नको. असं काहीसं: "आण्णा, शेजारच्या बाईंना सत्तर वर्षं पूर्ण होतायत. कोपऱ्यावरच्या पबमध्ये दुपारचं जेवण आहे. तिथे दारू मिळते, आपल्या टेबलावरही कुणीतरी घेईल. आपल्याला घ्यावी लागत नाही. तुमच्यासाठी मांस-अंड्याशिवायचं जेवण मी आधी बोलून ठरवेन. तुम्ही यावं असं त्यांना फार वाटतंय. तुम्हाला काय वाटतं?" एवढं बोलून थांबावं. लगेच बाजू मांडू नये, पटवायला जाऊ नये. आण्णांना विचार करायला दोन दिवस लागले तर लागू देत. त्यांनी विचारलं की तू घेतोस का, तर खरं सांगावं. ही जागा अवघड आहे, मला कल्पना आहे. आपल्याकडे चाळिशीचे मुलगे वडिलांसमोर सुपारीसुद्धा चघळत नाहीत. पण वडिलांना बहुतेक वेळा माहीतच असतं.

आण्णा आले, तर त्या दिवशी तुमच्या नवऱ्याने बिअर घ्यावी का? मी त्यांच्या जागी असते तर घेतली नसती. लपवायचं म्हणून नव्हे. पहिल्यांदाच वडील अशा जागी शेजारी बसलेत, त्यांना अवघडू नये म्हणून. पुढच्या वेळी पुढचं बघावं. हे माझं मत, निर्णय त्यांचा.

येण्यापूर्वी आण्णांना ती जागा बाहेरून दाखवा. संध्याकाळी फिरायला जाता तेव्हा तिच्यावरून जा. दाराशी फळा असेल, त्यावर पदार्थ लिहिलेले असतील. मुलीला म्हणावं, आजोबांना वाचून दाखव. काळ्या काचा नाहीत, आत उजेड आहे, एक म्हातारं जोडपं सूप पितंय, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं बरं. तुमच्या दहा वाक्यांपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

आता ताटाकडे वळते. इथे बारकाईने लिहिते, कारण परदेशात माळकरी आई-वडील, सासू-सासरे सोबत असलेल्या कितीतरी वाचकांना याच प्रश्नाने घेरलेलं असतं, मग ते डब्लिनला असोत की मेलबर्नला.

रविवारचा रोस्ट म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या, यॉर्कशायर पुडिंग आणि वर ग्रेव्ही. शाकाहारी पर्याय बहुतेक ठिकाणी असतो: सुकामेव्याचा नट रोस्ट, नाहीतर पफ पेस्ट्रीत गुंडाळलेली मशरूम किंवा बीट. पण इथला 'व्हेजिटेरियन' शब्द आण्णांच्या शाकाहाराशी जुळत नाही. त्यात अंडं चालतं. यॉर्कशायर पुडिंग तर अंडं, दूध आणि मैद्याचंच असतं. म्हणून आण्णांसाठी 'व्हीगन' (प्राण्यांपासून आलेलं काहीच नाही, दूधही नाही) हा शब्द वापरा. दूध-दही त्यांना चालतं ही गोष्ट वेगळी, पण व्हीगन म्हटलं की अंड्याचा प्रश्न एका शब्दात मिटतो.

दुसरं. इथे कायद्याने चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते, २०१४ च्या डिसेंबरपासून. अंडं आणि मासे त्या चौदांत आहेत. त्यामुळे 'यात अंडं आहे का' असं विचारायला संकोचू नका, ते सांगणं त्यांचं काम आहे आणि वेटरकडे तक्ता असतो. पण मांस आणि चरबी त्या यादीत नाहीत. ती तुम्हाला वेगळी विचारावी लागेल, आणि खरी मेख तिथेच आहे. भाजलेले बटाटे बऱ्याच ठिकाणी गाईच्या किंवा हंसाच्या चरबीत भाजतात. चिप्सही काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, आणि तेलात तळले तरी त्याच कढईत मासे तळलेले असू शकतात. ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते, शाकाहारी ग्रेव्ही वेगळी मागावी लागते. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचा घटक, असतं. वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे छोटे मासे असतात. आणि आण्णांच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं: ग्रेव्हीत रेड वाइन आणि पायमध्ये एल, म्हणजे बिअरच, घालायची पद्धत आहे. पदार्थ व्हीगन असला तरी त्यात दारू असू शकते. हे विचारायचं आपल्या लक्षातच येत नाही आणि मग मेन्यू पुन्हा वाचताना ध्यानात येतं, तोवर ताट संपलेलं असतं.

हे सगळं त्या दिवशी टेबलावर बसून विचारत बसू नका. आण्णांना आपण सगळ्यांना ताटकळत ठेवलं असं वाटेल. आठवडाभर आधी, मधल्या वारी दुपारी तीनच्या सुमारास फोन करा किंवा स्वतः जाऊन या. त्या वेळी स्वयंपाकघर निवांत असतं. मंडळींत एक वयस्क गृहस्थ आहेत. धार्मिक कारणाने मांस, मासे, अंडं, प्राण्यांची चरबी आणि दारू यांतलं काहीही नको, एवढं सांगा आणि काय करून देता येईल ते विचारा. चांगल्या गॅस्ट्रोपबमध्ये स्वयंपाक तिथेच होत असल्याने, ऑलिव्ह तेलात भाजलेले बटाटे आणि भाज्या, एखादं सूप, पाव असं सहज जमवतात. नाहीच जमणार म्हणाले तर आण्णांना घरून जेवूनच नेता येईल. तिथे त्यांनी चहा घ्यावा. चहाची किटली बहुतेक ठिकाणी मिळते. आणि हो, तो रविवार एकादशीचा नाही ना, हे आधी कॅलेंडरमध्ये बघून घ्या.

तुमच्यासाठी: लाइम-सोडा, जिंजर बिअर (नावात बिअर असली तरी ते सहसा आल्याचं सरबतच असतं), एल्डरफ्लॉवर सरबत. नळाचं पाणी मागितलं तर ते फुकट देणं इंग्लंडमध्ये परवाना असलेल्या जागेला बंधनकारक आहे. दारू का नको याचं कारण देत बसू नका. "लाइम-सोडा, प्लीज" एवढं पुरे. या देशात न पिणारे, गाडी चालवायची म्हणून न घेणारे, औषध चालू असलेले लोक प्रत्येक टेबलावर असतात.

पेयं बहुधा बारपाशी जाऊन आपणच सांगायची असतात, कुणी येईल म्हणून वाट बघत बसायचं नसतं. जेवण काही ठिकाणी टेबलावर विचारायला येतात, काही ठिकाणी टेबलाचा नंबर बारवर सांगावा लागतो. आत शिरल्यावर सरळ विचारा. एकाने सगळ्यांची पेयं आणायची, मग दुसऱ्याने, अशी इथली फेरीची रीत आहे. न पिणाऱ्यानेही एक फेरी घ्यावी अशी अपेक्षा असते. दुसऱ्यासाठी दारू विकत घेणं मनाला पटत नसेल तर शेजारणीला आधीच सांगा की केक आम्ही आणतो, किंवा सगळ्यांचं गोड आमच्याकडून. कुणी वाईट मानणार नाही. बिलाचंही आधीच विचारून घ्या. वाढदिवस त्यांचा असला तरी इथे अनेकदा ज्याने-त्याने आपापले पैसे द्यायचे असतात. रोस्टचं एक ताट तुमच्या भागात वीस पौंडांच्या आसपास असेल, तसा हिशेब धरा. आपल्यासारखी बिलावर झडप घालू नका, त्या बिचाऱ्या संकोचतील. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क लावलेलं असलं तर ते सहसा ऐच्छिक असतं. ऑक्टोबर २०२४ पासून कायद्याने ते सगळं कर्मचाऱ्यांनाच द्यावं लागतं, त्यामुळे मी तरी काढायला सांगत नाही.

टेबल साधारण साडेबाराचं किंवा एकचं असेल तर उत्तम. उशिरा गेलं तर काही ठिकाणी रोस्ट संपत येतो. शेजारणीला म्हणावं, जमलं तर बारपासून लांबचं टेबल घ्या, हवा चांगली असेल तर बागेतलं. आण्णांची खुर्ची मुलीच्या आणि शेजारणीच्या मध्ये ठेवा. दोघांचं बोलणं मुलगी एकमेकांना समजावून सांगेल.

आणि आण्णा नाही म्हणाले तर? तर तुम्ही चौघं जा, मोकळ्या मनाने. त्यांच्यासाठी गरम जेवण करून ठेवा. शेजारणीला खरं कारण सांगा: ते दारू मिळते त्या जागी जात नाहीत, त्यांचा तसा नेम आहे. इंग्रज माणसाला नेम समजतो. त्यांच्या स्वतःच्या गावांतही दारू न शिवण्याची शपथ घेणाऱ्यांची मोठी चळवळ होऊन गेली आहे. मग दुसऱ्या दिवशी, सोमवारी चार वाजता, त्यांना तुमच्या घरी चहाला बोलवा. पुरणपोळी करा. आण्णांना आपल्या हाताने वाढू द्या. खरं तर आण्णा आले तरीही हे करा, दोन वर्षांची आमंत्रणं तुमच्याकडून फेडायची राहिली आहेत.

राहिली ती मुलगी. ताई, तुमचं मन जे खातंय ते पबमध्ये गेल्यामुळे खात नाहीये असं मला वाटतं. तुमच्या पत्रातलं सर्वांत जड वाक्य 'आजोबांना बोलू नकोस' हे आहे. नऊ वर्षांच्या मुलीने त्यातून काय घेतलं असेल? की आपण सगळे मिळून तिथे जेवलो, त्यात काहीतरी लाजेचं होतं. आणि आजोबा म्हणजे ज्यांच्यापासून गोष्टी लपवायच्या असतात असं माणूस. ती रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसत असेल, ते तिला गोष्ट सांगत असतील, आणि ती एक गोष्ट तोंडात धरून बसली असेल. मुलं अशी गुपितं फार इमानाने सांभाळतात.

आण्णांशी नवरा बोलेल तेव्हा त्या मॉलबद्दलही त्याने सांगून टाकावं. "त्या दिवशी आम्ही मॉलमध्ये नाही, तिथेच गेलो होतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. चुकलं." आण्णा रागावतील कदाचित, एखादा दिवस बोलणार नाहीत. पण शाळेत चाळीस-चाळीस पोरांच्या कबुल्या ऐकलेला माणूस आहे तो.

त्यासाठी पुढच्या रविवारपर्यंत थांबा, हवं तर. मुलीसाठी थांबू नका. आज रात्री तिला झोपवताना सांगा की ते गुपित आता तिने ठेवायचं नाही.